लहान कुत्र्यांची मान आणि मज्जारज्जू: ओळख, तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया, घरची शुश्रूषा

कण्हेर

दहा-बारा किलोच्या आतल्या कुत्र्यांच्या मानेतल्या मज्जारज्जूच्या दुखण्यांबद्दल हा धागा काढतेय. डॅशहंड, बीगल, शिह त्झू, पग, ल्हासा, पॉमेरेनियन, यॉर्की, चिवावा आणि या सगळ्यांच्या मिश्र संतती यात आल्या.

तक्रार जवळपास ठरलेली असते: "उचललं की केकाटतो, पण कुठे दुखतंय कळत नाही." उचलताना हात पोटाखाली असतो म्हणून घरच्यांना पोटदुखी वाटते. कुत्र्याला हात लावण्याआधी पाच मिनिटं लांबून बघा. मान खाली आणि ताठ, पाठ जराशी वर. हाक मारली तर डोकं वळवत नाही, नुसते डोळे फिरवतो किंवा सगळं अंग वळवून बघतो. ताटली जमिनीवर ठेवली की वास घेऊन बाजूला होतो, तीच तोंडापाशी धरली की भराभर खातो. म्हणजे भूक शाबूत आहे, मान वाकत नाहीये. मानेच्या बाजूला तळहात नुसता टेकवला तरी स्नायू बोटांखाली थरथरताना जाणवतात. काही कुत्री एक पुढचा पाय उचलून धरतात. मज्जातंतूचं मूळ दाबलं गेल्याची ती कळ असते, पण पाय लंगडा समजून खांद्याचा एक्स-रे निघतो, तो स्वच्छ येतो आणि आठवडा वाया जातो.

मानेतली मज्जारज्जूची वाट पाठीपेक्षा ऐसपैस असते. त्यामुळे दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) बाहेर आली तरी पाय लुळे पडण्याआधी बराच काळ फक्त वेदना दिसते. "चालतोय ना, मग मणक्याचं नसेल" हा तर्क मानेच्या बाबतीत चालत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, बाकी चर्चा तिच्यावर उभी आहे. लहान कुत्र्याच्या मानदुखीत दोन अगदी वेगळे आजार असतात. एकात पहिल्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो, दुसऱ्यात गादी सरकलेली असते. मान वाकवून बघण्याची नेहमीची पद्धत पहिल्या आजारात जीव घेऊ शकते. म्हणून दोन वर्षांच्या आतली टॉय, म्हणजे अगदी चिमुकल्या जातीची कुत्री मान धरून आली, तर एक्स-रे होईपर्यंत मान वाकवायची नाही. "जरा बघू" म्हणूनसुद्धा नाही.

क्ष_किरण

ताईंच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. यंत्रणा थोडी उलगडतो.

पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामध्ये गादी नसतेच. दुसऱ्या मणक्याचा एक हाडाचा सुळका पहिल्याच्या कड्यात शिरलेला असतो आणि अस्थिबंध त्याला जागेवर धरून ठेवतात. यॉर्की, चिवावा, पॉमेरेनियन, माल्टीज, टॉय पूडल यांच्यात हा सुळका कधी जन्मतःच नसतो, कधी आखूड असतो, कधी अस्थिबंध कच्चे असतात. मग सोफ्यावरून मारलेली साधी उडी पुरते. मान खाली गेली की दुसरा मणका वर उचलला जातो आणि मज्जारज्जू दोन हाडांमध्ये चिरडतो. श्वासाच्या स्नायूंकडे जाणारे संदेश त्याच वाटेने खाली उतरतात, म्हणून असं कुत्रं काही मिनिटांत श्वास थांबून जाऊ शकतं.

एक्स-रे असा काढा. कुत्रा उजव्या कुशीवर, मान सरळ रेषेत, जबड्याखाली आणि मानेच्या मध्याखाली कापसाची किंवा फोमची घडी, म्हणजे मान झोळीसारखी लोंबणार नाही. शक्य असेल तर शुद्धीतच काढा, कारण भूल दिली की मानेला आधार देणारे स्नायू सैल पडतात. फिल्मवर बघायचं ते पहिल्या मणक्याची वरची कमान आणि दुसऱ्या मणक्याचा पाठीमागचा उंच पंख यांतलं अंतर. निरोगी कुत्र्यात ही दोन्ही हाडं जवळजवळ एकमेकांवर टेकलेली दिसतात. तिथे ठळक फट दिसली की निदान झालं, आणखी मान वाकवून "खात्री" करू नये. फट दिसली नाही पण संशय जात नसेल तर पुढची पायरी सीटी स्कॅन. सुळका आहे का, केवढा आहे, तुटलाय का, हे सीटीवर स्वच्छ कळतं.

आणि तोंड उघडून समोरून काढायचा एक्स-रे जुन्या पुस्तकांत दिलेला असतो. या रुग्णांत तो काढू नका, त्यात मान वाकतेच.

आरोही_शेल्टर

अपघात आणि चाव्यांबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे येणाऱ्या लहान कुत्र्यांत ते फार असतं. मोठं कुत्रं छोट्याची मान पकडतं आणि झटकतं. बाहेरून सुळ्यांची दोन-चार भोकं दिसतात, आत स्नायू फाटलेले, कधी श्वासनलिकेला भोक, कधी मणक्याला तडा. मानेच्या कातडीवर बोट दाबल्यावर चुरचुर जाणवली तर कातडीखाली हवा शिरलीय. अशा वेळी मलमपट्टी आवळून बांधायची नाही, ऑक्सिजन लावून तडक दवाखाना.

उचलायची रीत: पोळपाट, कटिंग बोर्ड, जाड पुठ्ठा, भाजीच्या क्रेटचा सपाट तळ, जे हाताशी असेल ते. एकाने डोकं आणि खांदे, दुसऱ्याने कंबर धरून सगळं अंग एकदम सरकवायचं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या ठेवा. छाती आणि कंबर पट्टीने फळीला बांधा, पण मानेवरून पट्टी नेऊ नका. कुत्रं धडपडत असेल तर जबरदस्तीने दाबून धरू नका. त्या झटापटीत जास्त नुकसान होतं, त्यापेक्षा लहान बास्केटमध्ये सैल ठेवलेलं बरं. चपट्या नाकाच्या कुत्र्याचं तोंड बांधायचं नाही. गळ्यातला पट्टा काढून टाका, पण डोक्यावरून ओढून नाही. कापा.

आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रेबीज. लसीचा पत्ता नसलेलं कुत्रं अचानक लुळं पडत चाललंय, लाळ गळतेय, जबडा खाली पडलाय, आवाज बदललाय, तर "मान दुखतेय" म्हणून तोंडात हात घालू नका. हातमोजे घाला, किती लोकांनी हाताळलं याची नोंद ठेवा. चावा भटक्या कुत्र्याचा असेल तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि चावा झालेल्या कुत्र्याला लसीचे पुढचे डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यायचे, आधी लस झालेली असली तरी.

कण्हेर

धन्यवाद आरोही. आता दवाखान्यातल्या तपासणीबद्दल. मान न हलवतासुद्धा जागा बऱ्यापैकी ठरवता येते.

आधी चालवून बघा. गुळगुळीत फरशीवर नाही, रबरी मॅटवर. मग एकेका पायाचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवा. निरोगी कुत्रा तो लगेच सरळ करतो, उशीर लागला किंवा तसाच राहिला तर त्या बाजूच्या मज्जारज्जूत अडचण आहे. हे करताना पोटाखाली आधार हवा, नाहीतर अशक्त कुत्रं वजनानेच पडतं आणि आपण चुकीचा निष्कर्ष काढतो.

इजा मानेच्या वरच्या भागात असेल तर चारही पायांचे प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) जिवंत, किंबहुना वाढलेले मिळतात. इजा मानेच्या तळाशी असेल, म्हणजे सहाव्या-सातव्या मणक्यापाशी, तर पुढचे पाय ढिले, प्रतिक्षेप कमी, पावलं आखूड, आणि मागचे पाय लांब, डुलणारी ढांग टाकतात. मागून चालताना बघितलं तर पुढचा आणि मागचा भाग दोन वेगळ्या कुत्र्यांचे वाटतात. तळाच्या इजेत एका डोळ्याची बाहुली बारीक, पापणी पडलेली आणि तिसरी पापणी वर आलेली दिसू शकते, कारण डोळ्याकडे जाणारे काही तंतू तिथून निघतात.

पायाच्या बोटाचं हाड चिमट्याने दाबून खोल वेदना तपासतात. पाठीच्या इजेत या चाचणीवर भवितव्य ठरतं. मानेच्या इजेत ती क्वचितच हरवलेली मिळते, कारण तिथे इतकी खोल इजा झाली तर श्वासच आधी थांबतो. म्हणून मान धरून आलेल्या कुत्र्यात आधी छाती बघा. बरगड्या उचलल्या जातायत का, की फक्त पोट हलतंय? पोटच हलत असेल तर बाकीची तपासणी थांबवून ऑक्सिजन.

गौरी_पॉम

डॉक्टरांना प्रश्न: एक्स-रेमध्ये दोन मणक्यांतली जागा कमी दिसली, तर गादी सरकली असं पक्कं धरायचं का? आणि इतर कुठले आजार असेच दिसतात?

तिसरा_मणका

नाही, पक्कं धरू नका. गादी आणि मज्जारज्जू दोन्ही एक्स-रेवर दिसत नाहीत. जागा कमी होणं, गादीत चुना साचलेला दिसणं हे फक्त इशारे आहेत. डॅशहंडसारख्या जातीत चुना साचलेल्या गाद्या अनेक असतात आणि त्यातली दुखणारी कोणती हे फिल्म सांगत नाही. आखूड पायांच्या या जातींमध्ये बाराव्या गुणसूत्रावरच्या एका जास्तीच्या जनुकप्रतीमुळे गाद्या तरुणपणीच कोरड्या, ठिसूळ होतात. २०१७ साली हे सापडलं. लहान जातींत मानेतली सर्वांत जास्त फुटणारी गादी दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यातली.

इतर आजारांपैकी चार लक्षात ठेवण्यासारखे.

सहा ते अठरा महिन्यांचा बीगल, ताप, मान लाकडासारखी, पण पंजाची चाचणी नॉर्मल: हा बहुधा मज्जारज्जूच्या आवरणाचा दाह. पाठीच्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या मिळतात. त्याला स्टेरॉइड पूर्ण मात्रेत लागतं, साधारण दिवसाला २ मिग्रॅ/किलोपासून सुरू करून काही महिने हळूहळू उतरवत. पाणी काढायच्या आधी स्टेरॉइड टोचलं तर निदान पुसलं जातं.

पग, चिवावा, माल्टीज यांच्यात मेंदू-मज्जारज्जूचा वेगळा, प्रतिकारशक्तीचा दाह होतो. मानदुखीसोबत गोल फिरणं, झटके, नजर जाणं यापैकी काही असेल तर तिकडे वळा.

कॅव्हेलियर किंग चार्ल्स मान दुखवत असेल आणि चालता चालता हवेत खांदा खाजवत असेल, पायाचा कातडीला स्पर्शसुद्धा न होता, तर मज्जारज्जूत पाण्याची पोकळी असण्याची शक्यता मोठी.

चौथा म्हणजे खेळताना एकदम कोसळणं. कुत्रं एकदा किंचाळतं, काही तासांत एका बाजूचे पाय जास्त लुळे, आणि मग मान दाबली तरी वेदना जवळपास नाही. हे बहुतेक वेळा गादीच्या कणाने मज्जारज्जूची रक्तवाहिनी बंद होणं किंवा गादीचा ओला गर जोरात उडून आदळणं असतं. दबाव राहिलेला नसतो, म्हणून शस्त्रक्रिया करण्यासारखं काही नसतं. शुश्रूषेवर यातली बरीच उठतात.

व्हेट_सातारा

तालुक्याच्या ठिकाणी एमआरआय कुठून आणायचा? आमच्याकडे मानदुखीच्या कुत्र्याला मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन, सोबत मेलोक्सिकॅम हे स्टेरॉइड नसलेलं वेदनाशामक, आणि दुसऱ्या दिवशी कुत्रा पळतो. मालक खूश.

तिसरा_मणका

सर, दोन हरकती आहेत, आणि पहिली फार गंभीर. स्टेरॉइड आणि मेलोक्सिकॅम एकत्र कधीही नाही. जठराला आणि आतड्याला भोक पडून कुत्री दगावतात, आणि काळा शौच दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. एकातून दुसऱ्यावर जायचं तर मध्ये पाच-सात दिवस रिकामे ठेवा, तेवढा काळ गॅबापेंटिन या मज्जातंतूंच्या वेदनेवरच्या औषधावर काढा.

दुसरी हरकत: पळणारा कुत्रा ही चांगली बातमी नाही. फाटलेल्या गादीचं आवरण भरून यायला आठवडे लागतात. वेदना दाबली, कुत्रा सोफ्यावर चढला, उरलेला गर बाहेर आला, आणि परवा चालत आलेला कुत्रा आज चारही पाय पसरून येतो. जास्त मात्रेचं मिथाइलप्रेडनिसोलोन अचानक झालेल्या इजेत आता नेमाने देत नाहीत. अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या २०२२ च्या सहमतीपत्रातही त्याची शिफारस नाही. ते पत्र पाठीच्या गादीबद्दल आहे, पण मानेतही हेच धोरण पाळलं जातं. त्याच पत्रात विश्रांती किमान चार आठवडे सांगितली आहे.

एमआरआय नसेल तर काय? चालणारा, पहिल्यांदाच मान धरलेला, मध्यमवयीन कुत्रा, वरच्या दोन मणक्यांचा एक्स-रे ठीक, ताप नाही, तर आधी औषध आणि पिंजरा देणं योग्यच आहे. माझ्या मात्रा या, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या बघून:

मेलोक्सिकॅम पहिल्या दिवशी ०.२ मिग्रॅ/किलो, पुढे ०.१ मिग्रॅ/किलो दिवसातून एकदा, खाल्ल्यावर. किंवा कार्प्रोफेन २.२ मिग्रॅ/किलो दर बारा तासांनी. गॅबापेंटिन १० मिग्रॅ/किलो दर आठ तासांनी. स्नायू ताठ असतील तर मेथोकार्बामोल १५ ते २० मिग्रॅ/किलो दर आठ तासांनी. ट्रॅमाडॉलचा कुत्र्यांत गोळीने फारसा भरवसा नाही, माणसात होणारं रूपांतर त्यांच्यात नीट होत नाही.

गॅबापेंटिनबद्दल सगळ्यांनी नीट वाचा. मेडिकलमध्ये साधी गोळी मागितली तरी नॉरट्रिप्टिलिन (माणसांचं नैराश्यावरचं औषध) मिसळलेली हातात पडते. ती कुत्र्याला नको, पाकिटावरचं घटकनाव वाचा. पातळ औषध घेत असाल तर त्यात झायलिटॉल (गोडीसाठी घालतात तो पदार्थ) आहे का बघा. ते कुत्र्याला विष आहे, साखर एकदम खाली जाते. चार किलोच्या कुत्र्याला ४० मिग्रॅ लागतं, १०० च्या कॅप्सूलमधून अंदाजाने पूड काढून नाही जमत. मात्रा पाडून देणाऱ्या फार्मसीकडून करून घ्या.

घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, पॅरासिटामॉल ही माणसांची औषधं मात्र अजिबात नाहीत. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर आपल्याकडे २००६ पासून बंदी आहे. ती गिधाडांसाठी आली, पण कुत्र्याच्या जठरालाही ते सोसत नाही.

व्हेट_सातारा

स्टेरॉइड-मेलोक्सिकॅमचा मुद्दा मान्य. मग औषधावर गुण किती येतो, आणि कधी पुढे पाठवायचं?

तिसरा_मणका

मानेची गादी असावी असं धरून फक्त औषधांवर ठेवलेल्या ८८ कुत्र्यांचा २००७ मधला एक अभ्यास आहे. जवळपास निम्मी बरी झाली, सुमारे एक तृतीयांश बरी होऊन पुन्हा दुखू लागली, उरलेल्यांना गुण आला नाही. मालकाला हेच आकडे सांगावेत.

पाठवायचं कधी: औषध चालू असून सात-दहा दिवसांत वेदना उतरत नाही, औषध थांबवताच पुन्हा किंचाळतो, दुसऱ्यांदा उचल खाल्ली, किंवा पाय अडखळायला लागले. उभं राहता येत नसेल तर त्याच दिवशी. मानेतली तीव्र वेदना हीच शस्त्रक्रियेला पुरेशी आहे, लकवा होईपर्यंत थांबण्याचं कारण नाही.

शस्त्रक्रिया मानेच्या पुढच्या बाजूने, कुत्रा उताणा ठेवून. श्वासनलिका आणि अन्ननलिका हळूच डाव्या बाजूला सारतात, उजवीकडची मोठी रक्तवाहिनी आणि तिच्यासोबतचा मज्जातंतू सांभाळतात. अन्ननलिकेत आधी एक नळी घालून ठेवली की ती बोटाला कळते आणि चिमट्यात येत नाही. कोणती गादी हे मोजायला सहाव्या मणक्याचे मोठे आडवे पंख उपयोगी पडतात. चुकीच्या जागी खाच पडणं ही खरी होणारी चूक आहे, म्हणून सुई टोचून एक्स-रे घेतलेला बरा. मग बरने, म्हणजे हाड कोरणाऱ्या यंत्राने, हाडात खाच पाडतात. रुंदी मणक्याच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. पाच किलोच्या कुत्र्यात ही जेमतेम ३-४ मिमी येते. गादी तिरकी असते, वरच्या टोकाला डोक्याकडे झुकलेली, म्हणून खाच पुढच्या मणक्याकडे थोडी जास्त घ्यावी लागते. बाहेरचं पांढरं कठीण हाड, मग लालसर मऊ, मग पुन्हा पांढरं. दुसरं पांढरं आलं की हात हलका. तिथून पुढे गर बारीक आकड्याने काढायचा.

खाच मधल्या रेषेवरून सरकली की बाजूची शिरांची जाळी फुटते आणि लहान कुत्र्याला तेवढा रक्तस्राव झेपत नाही. तेव्हा जिलेटिनचा स्पंज दाबून थांबायचं, आंधळेपणाने सक्शन लावत खोदायचं नाही. खाच रुंद झाली तर मणके खचतात आणि आधीपेक्षा वाईट वेदना होते. हात बसलेल्या सर्जनकडे पाठवा म्हणतो ते यासाठी. नीट झालेल्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्र्यांची वेदना दोन-तीन दिवसांत उतरलेली दिसते.

क्ष_किरण

एमआरआयबद्दल. मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं, तिथे सीटी आणि एमआरआय दोन्ही आहेत. इतर शहरांत बऱ्याचदा माणसांच्या स्कॅन सेंटरमध्ये रात्री वेळ घेऊन काम होतं. तसं करणार असाल तर तंत्रज्ञाला आधीच सांगा: लहान कुत्र्याला माणसाची गुडघ्याची कॉइल (अंगाभोवती बसवायचा एमआरआयचा भाग) बसते. मायक्रोचिप खांद्यांच्या मध्ये असते, तिची काळी सावली मानेच्या तळावर पडते. भुलेसाठी श्वासनलिकेत घातलेल्या नळीच्या फुग्याच्या झडपेतली बारीक स्प्रिंगही चित्र बिघडवते, म्हणून ती झडप चुंबकाच्या मध्यापासून लांब चिकटवून ठेवा. भूल देणारा पशुवैद्य सोबत हवाच, सेंटरचा कर्मचारी पुरत नाही. नळी घालताना मान मागे खेचायची नाही, जबडा उचलून जीभ सरळ पुढे.

सीटी काही मिनिटांत होतं, चुना साचलेली गादी आणि तुटलेलं हाड त्यावर छान दिसतं. पैशाचा प्रश्न असेल तर डॅशहंडमध्ये मी सीटीपासून सुरुवात करायला सांगतो. ओला गर आणि रक्तवाहिनीचा अडथळा मात्र एमआरआयशिवाय कळत नाही. आणि जिथे अजून मज्जारज्जूभोवती रंगद्रव्य टोचून एक्स-रे, म्हणजे मायलोग्राफी करतात, तिथे वरच्या सांध्याचा संशय असलेल्या कुत्र्यात सुई डोक्यामागून कधीच घालू नये, कमरेतून घालावी.

गौरी_पॉम

वरचा सांधा सैल निघाला तर स्प्लिंट (मान हलू न देणारं कवच) की शस्त्रक्रिया? स्प्लिंट घरी कशी सांभाळायची?

कण्हेर

दोन्हींना जागा आहे. पिल्लाची हाडं फार मऊ असतील, वजन दीड-दोन किलो असेल, त्रास नुकताच सुरू झाला असेल आणि पंजाची चाचणी थोडीशीच बिघडलेली असेल तर स्प्लिंट. २००५ मधल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेशिवाय ठेवलेल्या १६ पैकी १० कुत्र्यांचा शेवट चांगला झाला. महिन्याहून जुना त्रास असलेल्यांत निकाल कमी पडले. पाय लुळे असतील किंवा स्प्लिंट काढल्यावर पुन्हा त्रास झाला तर शस्त्रक्रिया: पुढच्या बाजूने स्क्रू-पिना घालून वर हाडाचं सिमेंट. तिच्यात शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणि पहिल्या दोन दिवसांत श्वास थांबण्याचा धोका खरा आहे, तो मालकाला स्पष्ट सांगावा.

स्प्लिंट नेमकी कशी ते लिहिते, कारण सगळं तिथेच बिघडतं. ती हनुवटीखालून सुरू होऊन छातीच्या हाडाच्या मागच्या टोकापर्यंत जायला हवी. नुसत्या मानेभोवती बांधलेला जाड पट्टा उलटा घातक, कारण डोकं मोकळं राहून सगळा जोर नेमका त्या सैल सांध्यावर येतो. आधी कापसाचा सारखा थर, काखेत आणि जबड्याच्या कोपऱ्यात जास्त. मग गळ्याच्या बाजूला फायबरग्लासच्या पट्ट्यांचं अर्धं कवच, वाळल्यावर कडा मऊ टेपने झाकायच्या, आणि वरून लवचिक पट्टी दोन्ही पुढच्या पायांमधून आडवी फिरवायची म्हणजे मागे घसरत नाही. कान बाहेर. दोन बोटं आत जायला हवीत, आणि बांधून झाल्यावर दहा मिनिटं श्वास बघायचा.

मुदत किमान आठ आठवडे. पहिली तपासणी तीन-चार दिवसांत, मग दर आठवड्याला. आपल्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, आत घाम नसला तरी लाळ आणि पाणी झिरपून कातडी कुजते. वास आला, कुत्रं सारखं हनुवटी घासू लागलं, किंवा कवच बोटभर जरी मागे सरकलं तरी त्याच दिवशी बदलायला आणा. बदलताना एक जण फक्त डोकं आणि मान एका रेषेत धरून बसतो, दुसरं काही करत नाही. खाणं मऊ गोळ्यांचं, कुत्र्याला छातीवर टेकवून, हनुवटी थोडी वर. पाणी वाटीतून, पिचकारीने नाही. पिचकारीतलं पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. कानात रोज बघा, या कुत्र्यांना कानाचा संसर्ग हमखास होतो.

पंजा

पुनर्वसनाचं मी सांगतो. आधी पिंजरा, कारण "घरातच असतो, बाहेर नेत नाही" याला पिंजरा म्हणत नाहीत. उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं इतकाच, त्याहून मोठा नको. वरचं दार असलेला घेतला की मान खाली न घालता बाहेर काढता येतं. तळाला घसरणार नाही अशी मॅट. चार ते सहा आठवडे, शू-शीसाठी पाच मिनिटं, छातीच्या हार्नेसवर. गळ्यातला पट्टा या कुत्र्यांना जन्मभर नको. ताटली-वाटी कोपराच्या उंचीवर. सोफा आणि पलंग बंद. घरभर गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी असेल तर चालण्याच्या वाटेवर योगा मॅटचे तुकडे चिकटवा.

उठता न येणाऱ्या कुत्र्याला जाड फोमवर ठेवा, दर चार तासांनी कूस बदला. दिवसातला जास्तीत जास्त वेळ छातीवर बसवून, दोन्ही बाजूंना टॉवेल लावून ठेवा, फुप्फुसं मोकळी राहतात. लघवी गळतेय म्हणजे आपोआप नीट होतेय असं समजू नका. मूत्राशय गच्च भरून थेंब थेंब गळणं वेगळं. दर सहा-आठ तासांनी पोटाच्या मागच्या भागावर दोन्ही बाजूंनी सपाट तळव्याने दाब देऊन रिकामं करायचं. पहिल्यांदा डॉक्टरांकडून हातावर हात ठेवून शिकून घ्या, कारण वरच्या इजेत झडप घट्ट असते आणि जोरात दाबलं तर मूत्राशय फाटू शकतं. लघवीला वास किंवा रक्त दिसलं तर तपासणी.

व्यायाम: दिवसातून तीनदा, कुशीवर झोपवून, एकेक सांधा दहा-पंधरा वेळा हळू वाकवा-सरळ करा. बोटं, मनगट, कोपर, खांदा, मग मागचे. मानेला मालीश नाही, मान वळवायचे व्यायाम नाहीत, कायरोप्रॅक्टिकवाल्याकडे तर नकोच. उभं करण्याचा सराव दोन आठवड्यांनी, सर्जनने हो म्हटल्यावर, पोटाखाली टॉवेल घेऊन एका वेळी एक-दोन मिनिटं. पाण्यातली ट्रेडमिल जखम पूर्ण भरल्यावरच. पोहायला सोडू नका, पोहताना मान मागे ताणली जाते आणि नेमकं तेच टाळायचं आहे.

आरोही_शेल्टर

शस्त्रक्रियेला नेण्याआधीची एक तपासणी राहतेय. आपल्याकडे गोचीड ताप इतका आहे की वरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याच्याही प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) खाली असतात. शिरांच्या जाळीजवळ हात घालायचा असेल तर हे आधी कळायला हवं.

तिसरा_मणका

बरोबर, आणि यंत्राचा आकडा कमी आला तर काचपट्टीवर हाताने मोजून घ्या. प्लेटलेटचे गठ्ठे झाले की यंत्र त्यांना मोजत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. खऱ्याच कमी असतील आणि कुत्रा चालत असेल, तर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा १० मिग्रॅ/किलो दिवसाला, चार आठवड्यांचा कोर्स सुरू करून, पिंजरा आणि गॅबापेंटिनवर ठेवून आकडा वर येईपर्यंत थांबतो. त्या काळात मेलोक्सिकॅमही बंद, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. गोळी दिल्यावर थोडं पाणी किंवा पातळ भात द्या. डॉक्सिसायक्लिन अन्ननलिकेत अडकलं की तिथे जखम करतं, आणि मान खाली न घालणाऱ्या कुत्र्यात गोळी अडकायची शक्यता जास्त असते.